तीन आठवड्यांत परवाना?

वाचकाचं पत्र

ताई, मी ३६ वर्षांचा आहे. गेली बारा वर्षं सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. दोन मित्रांना हाताशी धरून पत्त्यांचा एक ऑनलाइन खेळ तयार केलाय, सध्या तो नुसत्या गुणांवर चालतो. आता त्यात खरे पैसे लावायची सोय करायची, पुढे स्लॉट, म्हणजे बटण दाबून चित्रं फिरवायचे नशिबाचे खेळ, आणि सामन्यांवरच्या पैजाही आणायच्या, असा विचार आहे. एक सल्लागार तीन आठवड्यांत परवाना, तयार कंपनी आणि बँक खातं मिळवून देतो म्हणतोय. अर्धी रक्कम आगाऊ हवी, तीही क्रिप्टोत. परवाना हातात आला की जगभरातून खेळाडू घ्या, कोणी विचारत नाही, असं त्याचं म्हणणं. बायकोचा सक्त विरोध आहे. तिच्या मामांनी जुगारापायी घर घालवलं. ती म्हणते, कागद मिळाला म्हणून धंदा बदलत नाही. मला तीन गोष्टी सांगा. कोणत्या देशाचा परवाना लवकर आणि स्वस्तात मिळतो? या माणसावर विश्वास ठेवू का? आणि बायकोला काय सांगू?

उत्तर

नमस्कार.

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुमचे पैसे त्यात जायला निघालेत. त्या माणसाला एक छदामही पाठवू नका. नीट काम करणारा कुठलाही नियामक मालकांची चौकशी केल्याशिवाय परवाना देत नाही, आणि ती चौकशी तीन आठवड्यांत उरकत नाही. ब्रिटनचं गॅम्बलिंग कमिशन कंपनीच्या अर्जासाठी १६ आठवडे धरतं, तेही सगळी कागदपत्रं पूर्ण असतील तर. आगाऊ क्रिप्टो मागणारा माणूस उद्या फोन उचलायचा बंद झाला, तर दाद मागायला तुमच्याकडे ना पावती असेल ना नाव. पाण्यात म्हैस आणि वर मोल, असा हा व्यवहार आहे.

तो नेमकं काय विकतोय, याचा मला अंदाज आहे. कुरासाओ या कॅरिबियन बेटावर कित्येक वर्षं अशी पद्धत होती की सरकारने मोजक्या चार कंपन्यांना मुख्य परवाने दिले होते आणि त्या कंपन्या पुढे शेकडो संकेतस्थळांना पोटपरवाने वाटायच्या. 'झटपट परवाना' हा शब्दप्रयोग या धंद्यात बराचसा तिथूनच रुळला. २४ डिसेंबर २०२४ पासून तिथे नवा कायदा लागू झाला, पोटपरवान्यांची पद्धत मोडीत निघाली आणि प्रत्येक चालकाला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या कंपनीला, थेट तिथल्या गेमिंग ऑथॉरिटीकडे अर्ज करणं भाग पडलं. तरीही जुन्या पद्धतीच्या आठवणीवर गिऱ्हाईक पकडणारे दलाल अजून फिरतात. कुणी परवाना दाखवला तर एकच करा. त्या देशाच्या नियामकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर परवानाधारकांची नोंदवही असते, माल्टा, ब्रिटन आणि आइल ऑफ मॅन या तिघांचीही आहे. तिथे कंपनीचं नाव, परवान्याचा क्रमांक आणि ज्या डोमेनवर खेळ चालतो ते डोमेन, तिन्ही ताडून बघा. दलालाने पाठवलेल्या पीडीएफवरून काही ठरवू नका.

आता पहिला प्रश्न. 'कोणत्या देशाचा परवाना' हे विचारण्याआधी 'माझे खेळाडू कोणत्या देशात बसलेले असतील' हे ठरवावं लागतं. तुम्ही तर आधी कळस आणि मग पाया अशा क्रमाने निघालात. पण यात तुमचा दोष नाही, पूर्वी हा धंदा खरंच तसा चालायचा. १९९४ मध्ये अँटिग्वा आणि बार्बुडाने कायदा केला, १९९६ मध्ये कॅनडातल्या मोहॉक लोकांच्या काहनावाके प्रदेशाने स्वतःचा गेमिंग आयोग नेमला, आणि सर्व्हर जिथे तिथला परवाना हे गृहीत धरून कंपन्या उभ्या राहिल्या. हे गृहीतक आता उरलेलं नाही. ब्रिटनने १ नोव्हेंबर २०१४ पासून नियम फिरवला. कंपनी जिब्राल्टरला असो की आणखी कुठे, खेळणारा माणूस ब्रिटनमध्ये असेल तर ब्रिटनचाच परवाना हवा. मग स्वीडनने १ जानेवारी २०१९ पासून, जर्मनीने जुलै २०२१ पासून, नेदरलँड्सने ऑक्टोबर २०२१ पासून आणि कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने एप्रिल २०२२ पासून आपापली दारं अशीच बांधून घेतली. अमेरिकेत तर हा प्रश्न राज्यागणिक वेगळा सुटतो.

आणि काही ठिकाणी दारच नाही. ऑस्ट्रेलियाच्या २००१ च्या कायद्याने तिथल्या रहिवाशांना ऑनलाइन कॅसिनो पुरवायला मनाई आहे, पैजांना मात्र स्थानिक परवान्यावर मुभा आहे. भारताने २०२५ साली केलेला कायदा त्याहून कडक आहे. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि सेवा देशाबाहेरून चालवली म्हणून सुटका नाही. तुम्ही कुठे राहता आणि खेळाडू कुठले धरले आहेत हे पत्रात लिहिलेलं नाही. त्यामुळे स्पष्टच सांगते. ज्या देशात हा व्यवहार बंद आहे तिथल्या खेळाडूंसाठी जगातला कुठलाही परवाना चालत नाही. 'कोणी विचारत नाही' हे वाक्य ज्याने तुम्हाला ऐकवलं, त्याला कोणी विचारणार नाही. विचारतील ते तुम्हाला, कारण संचालक म्हणून सही तुमची असेल.

खर्चाचा अंदाज यावा म्हणून माल्टाचं उदाहरण घेते. ते सगळ्यात स्वस्त किंवा सोपं आहे म्हणून नव्हे, तर तिथली मांडणी समजली की बाकीच्या देशांचे अर्ज वाचता येतात. तिथे २०१८ च्या गेमिंग कायद्याप्रमाणे परवाने दोन तऱ्हेचे. एक खेळाडूला थेट सेवा देणाऱ्याचा, दुसरा अशा चालकांना खेळ किंवा यंत्रणा पुरवणाऱ्याचा. पहिल्यात पुन्हा चार प्रकार. चालकाविरुद्ध खेळायचे नशिबाचे खेळ, म्हणजे तुमचे स्लॉट, हा पहिला. ठरलेल्या भावाने घेतलेल्या पैजा हा दुसरा. खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात आणि चालक फक्त कमिशन घेतो, जसं पोकर, हा तिसरा. नियंत्रित कौशल्याचे खेळ हा चौथा. पहिल्या दोन प्रकारांना प्रत्येकी १,००,००० युरो भरणा झालेलं भागभांडवल लागतं, तिसऱ्याला ४०,०००. तुम्हाला पत्ते, स्लॉट आणि पैजा तिन्ही एकदम हवेत, म्हणजे २,४०,००० युरो नुसतं भांडवल. अर्जाचे ५,००० युरो वेगळे, दरवर्षीचं स्थिर शुल्क २५,००० युरो वेगळं, उत्पन्नावरचा हिस्सा त्याहून वेगळा. यात वकील, ऑडिटर, चाचणी प्रयोगशाळा आणि पगार धरलेलेच नाहीत. हे आकडे वाचून तुम्ही खचू नका, पण तिन्ही खेळ एका दमात आणायचा बेत मात्र आजच सोडा. ज्यात तुमचा हात बसलाय तो पत्त्यांचा खेळ. तेवढ्यावरच बोलू.

अर्ज केल्यावर पहिल्यांदा तपासला जातो तो माणूस. संचालक, मोठे भागधारक आणि महत्त्वाच्या पदांवरचे लोक, प्रत्येकाला स्वतःचा जाहीरनामा भरावा लागतो. कुठे राहिलात, कुठल्या कंपन्यांत भाग होता, कोणती कंपनी बुडाली, कुठला खटला, कुठला दंड, कर भरल्याचे पुरावे, पोलिसांचा दाखला. आणि मग सगळ्यात चिवट प्रश्न येतो, हे पैसे आले कुठून? 'बचत' असं लिहून भागत नाही. पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे, घर विकलं असेल तर खरेदीखत, सासऱ्यांनी उसने दिले असतील तर त्यांच्याकडे कुठून आले त्याचा कागद. मी अशा अर्जांची कागदपत्रं तयार करण्याच्या कामात बरीच वर्षं काढली. एका अर्जातला तिसरा भागीदार मला अजून आठवतो. तरुणपणी त्याचा एक छोटा धंदा बुडाला होता आणि थोडं कर्ज थकलं होतं. लाजेपोटी त्याने त्या रकान्यात 'नाही' लिहिलं. ती गोष्ट तीन ओळींत सांगितली असती तर अर्ज पुढे सरकला असता, कारण धंदा बुडणं हा गुन्हा नाही. चौकशीत ती बाहेर आली, आणि प्रश्न बुडालेल्या धंद्याचा न राहता खोट्या उत्तराचा झाला. दोघा निर्दोष भागीदारांचं सात महिन्यांचं काम त्या एका शब्दापायी वाया गेलं. तुमच्या दोन्ही मित्रांना समोर बसवून हे प्रश्न आधीच विचारून घ्या. मैत्री आहे म्हणून विचारायचं टाळू नका.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहितेय तिथे येते. खेळाडूंचे पैसे कुठे ठेवणार?

खेळाडू खात्यात शंभर भरतो तेव्हा ते शंभर तुमचे होत नाहीत. तो कधीही परत मागू शकतो. तो डाव लावून हरतो तेवढीच रक्कम तुमची, आणि लागलेल्या एकूण रकमेतून जिंकणाऱ्यांना दिलेले वजा केल्यावर जे उरतं त्याला तुमचं उत्पन्न म्हणायचं. कागदावर हे लहान मुलालाही कळतं. पण बँकेच्या खात्यात दोन्ही पैसे एकत्र पडले की महिनाअखेरीला पगाराच्या वेळी ते वेगळे दिसत नाहीत. फुल टिल्ट पोकर हे एकेकाळी जगातल्या सर्वांत मोठ्या पोकर संकेतस्थळांपैकी एक होतं, आणि त्याच्याकडे इंग्लिश खाडीतल्या ऑल्डर्नी बेटाचा रीतसर परवाना होता. अमेरिकी सरकारच्या म्हणण्यानुसार ३१ मार्च २०११ रोजी कंपनी जगभरातल्या खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणं लागत होती, आणि बँकेत होते सुमारे ६ कोटी. अमेरिकी खेळाडूंच्या बँकांतून पैसे वसूल होत नव्हते, तरी त्यांच्या खात्यात आकडे चढत होते. न आलेल्या पैशांवर लोक खेळत होते, जिंकत होते. आणि त्याच काळात मालकांना कोट्यवधींची वाटणी चालू होती. जूनच्या अखेरीला परवाना निलंबित झाला, सप्टेंबरमध्ये रद्द झाला. दुसऱ्या कंपनीने ती विकत घेतली तेव्हा कुठे खेळाडूंचे पैसे सुटायला सुरुवात झाली. अमेरिकेतल्या खेळाडूंच्या हातात ते पडायला २०१४ उजाडलं.

परवाना होता, नियामक होता, तरी हे घडलं. म्हणून सांगते, कायद्याने सांगितलेल्यापेक्षा एक पाऊल पुढे राहा. आइल ऑफ मॅनमध्ये खेळाडूंचे पैसे सुरक्षित ठेवायची व्यवस्था दाखवल्याशिवाय परवाना मिळत नाही. ब्रिटनमध्ये मात्र कंपनी बुडाली तर तुमचे पैसे कितपत सुरक्षित आहेत, एवढं खेळाडूला आधी सांगणं हे मुख्य बंधन आहे, आणि 'सुरक्षित नाहीत' असं सांगूनही धंदा करता येतो. तुम्ही त्या सवलतीच्या वाटेला जाऊ नका. पहिल्या दिवसापासून वेगळं खातं, शक्य असेल तर विश्वस्ताकडे, आणि रोज संध्याकाळी दोन आकड्यांची ताडणी, खेळाडूंच्या खात्यांतली एकूण शिल्लक आणि त्या बँक खात्यातली शिल्लक. दुसरा आकडा पहिल्याहून एका पैशानेही कमी दिसला तर त्या रात्री घरी जायचं नाही.

बँकेचा विषय निघालाच आहे. 'बँक खातं मिळवून देतो' हे त्या सल्लागाराचं दुसरं आमिष. जुगाराच्या व्यवहारांना कार्डांच्या जाळ्यात ७९९५ हा वेगळा संकेतांक असतो. तो लागला की पैसे स्वीकारणारी बँक तुम्हाला जोखमीच्या गिऱ्हाइकांत धरते, कमिशन जास्त घेते आणि येणाऱ्या रकमेतला काही भाग कित्येक महिने अडकवून ठेवते. हा जाच टाळण्यासाठी काही जण दुकानाच्या किंवा सॉफ्टवेअर विक्रीच्या संकेतांकाखाली व्यवहार दाखवतात. हे बँकेला फसवणं आहे, यावरून लोक तुरुंगात गेलेत, आणि कुणी ही युक्ती 'सगळेच करतात' म्हणून सुचवली तर तिथूनच उठा.

तंत्राच्या बाजूला तुम्ही निर्धास्त असाल, म्हणून मुद्दाम एक जुनी हकिगत सांगते. १९९९ मध्ये ऑनलाइन पोकरच्या एका सॉफ्टवेअरने पत्ते पिसण्याची आपली पद्धत विश्वास वाटावा म्हणून जाहीर केली. काही संगणक सुरक्षा अभ्यासकांनी ती वाचली. ५२ पत्त्यांच्या मांडण्या मोजायला ६८ अंकी संख्या लागते. त्या सॉफ्टवेअरची सुरुवात मात्र मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले या आकड्यावरून व्हायची, म्हणजे दिवसाला जेमतेम ८ कोटी ६४ लाख शक्यता. घड्याळ सर्व्हरशी जुळवल्यावर त्या लाखा-दोन लाखांवर आल्या. हातातले दोन आणि टेबलावरचे तीन पत्ते दिसले की उरलेली अख्खी गड्डी त्यांना सांगता येत होती. तुमच्या गुणांच्या खेळात पिसणी कशावर चालते ते आज रात्री उघडून बघा. भाषेसोबत आलेलं साधं यादृच्छिक फंक्शन असेल, तर पैसे येण्याआधी ते काढावं लागेल.

जीएलआय, ई-कोग्रा, आयटेक लॅब्स अशा स्वतंत्र प्रयोगशाळा हे तपासतात. त्या कोड वाचतात, लाखो-कोटी निकाल काढून संख्याशास्त्राच्या चाचण्या लावतात, आणि मंजूर फाइलींचा हॅश, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला तिचा अंकांचा ठसा, प्रमाणपत्रात लिहून ठेवतात. प्रोग्रामर मंडळींना सगळ्यात जड जातो तो हा हॅश. शुक्रवारी संध्याकाळी चूक दिसली, दोन ओळी बदलल्या आणि चढवून टाकलं, ही सवय इथे चालत नाही. मंजूर फाइलीतलं एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतो, आणि मग थेट खेळात चाललेली फाइल प्रमाणपत्रातली राहत नाही. बदलाची नोंद, कारण, मंजुरी, गरज पडली तर पुन्हा चाचणी, ही शिस्त तुमच्या तिघांच्या चमूला आजपासूनच लावा. माल्टात कागद मंजूर झाले की यंत्रणा उभी करून दाखवायला ६० दिवस मिळतात आणि मग बाहेरचा ऑडिटर येऊन ती तपासतो. तेव्हा नोंदी मागच्या तारखांनी बनवता येत नाहीत.

गैरमार्गाच्या पैशांबद्दल थोडक्यात. आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे इंटरनेट कॅसिनोही कॅसिनोच धरले जातात, आणि ३,००० डॉलर किंवा युरोच्या वरच्या व्यवहारांत गिऱ्हाइकाची ओळख आणि पार्श्वभूमी तपासावी लागते. युरोपीय संघात ती मर्यादा २,००० युरो आहे. काळे पैसे आणणाऱ्याला जिंकायचं नसतंच. तो पैसे भरतो, चार डाव नावापुरते खेळतो आणि उरलेले 'जिंकलेले' म्हणून बँकेत काढून घेतो. ही खूण ओळखणारा माणूस नेमावा लागतो, तेवढ्यासाठी सॉफ्टवेअर विकत घेतलं म्हणून नियामक समाधान मानत नाही.

तुमच्या पत्नीचं म्हणणं मी तीनदा वाचलं. त्या बरोबर बोलतायत, आणि 'परवाना मिळाला की सगळं कायदेशीर' या उत्तराने त्यांचं समाधान होऊ नये.

एक हिशेब त्यांच्यासोबत बसून करा. स्लॉटवर 'परतावा ९६ टक्के' असं लिहिलेलं असतं. ऐकणाऱ्याला वाटतं, शंभर घेऊन गेलो तर सरासरी चारच जातील. पण ते चार जातात प्रत्येक वेळी लावलेल्या शंभरामागे. खेळणारा जिंकलेले पुन्हा लावतो, उरलेले पुन्हा लावतो. तेच शंभर फिरवून फिरवून एकूण अडीच हजारांचे डाव झाले की सरासरी हिशेबाने शंभरचे शंभर संपले. दर काही सेकंदांना एक डाव पडत असेल तर अडीच हजारांची उलाढाल व्हायला फार वेळ लागत नाही. ब्रिटनने २०२१ मध्ये ऑनलाइन स्लॉटचे दोन डाव किमान अडीच सेकंदांच्या अंतराने पडावेत असा नियम केला आणि २०२५ मध्ये एका डावाची कमाल रक्कम ५ पौंडांवर आणली, २५ वर्षांखालच्यांना २ पौंड, ती याचसाठी. क्रेडिट कार्डाने जुगार खेळायला तिथे एप्रिल २०२० पासून बंदी आहे. २०२३ च्या मार्चमध्ये विल्यम हिल समूहाला १ कोटी ९२ लाख पौंड मोजावे लागले. त्या प्रकरणात नव्याने खातं उघडलेल्या एका गिऱ्हाइकाने कुठल्याही तपासणीशिवाय २० मिनिटांत २३,००० पौंड खर्चले होते. वीस मिनिटांत त्या कंपनीत कुणाला काहीच दिसलं नसेल, असं मला वाटत नाही.

मला का वाटत नाही तेही सांगते. मी ज्या कंपनीत काम करत होते तिथे एका रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी एका खेळाडूने चॅटवर लिहिलं, 'माझं खातं बंद करा.' ड्युटीवरच्या मुलाने लिहिलं, 'काही अडचण आली का?' खेळाडूने लिहिलं, 'नाही. बंद करा.' मुलाने समोरच्या स्क्रिप्टप्रमाणे वीस डाव मोफत देऊ केले. पुढची चार मिनिटं चॅटवर काहीच नाही. मग खेळाडूचा एक शब्द, 'ठीक.' तो पहाटे पाचपर्यंत खेळला. दुसऱ्या दिवशी तो अकरा ओळींचा संवाद छापून माझ्या टेबलावर आला. त्या मुलाला बोलायला मला तोंड नव्हतं, कारण 'खातं बंद करू म्हणणाऱ्याला आधी भेट द्या' ही स्क्रिप्ट ज्या बैठकीत मंजूर झाली त्या बैठकीत मी होते आणि मी गप्प बसले होते. ती स्क्रिप्ट आम्ही त्याच आठवड्यात काढली. त्या माणसाचं त्या रात्री गेलेलं मात्र गेलंच.

आता बऱ्याच देशांत यासाठी एक सामाईक यादी असते. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप, स्वीडनमध्ये स्पेलपॉस, नेदरलँड्समध्ये क्रुक्स. खेळाडूने एकदा त्यात नाव घातलं की परवाना असलेल्या सगळ्या संकेतस्थळांना त्याला बाहेर ठेवावं लागतं, आणि मन बदललं म्हणून मुदतीआधी आत घेता येत नाही. परवानाधारक आणि बिनपरवाना धंदा यांत मला दिसलेला सगळ्यात मोठा फरक हाच. मामांसारखा माणूस जेव्हा स्वतःहून थांबायचं म्हणतो, तेव्हा परवान्याच्या बाजूला त्याला थांबवायला कायदा उभा असतो. फरक तेवढाच आहे, पण तो छोटा नाही. हे सांगूनही पत्नी नको म्हणाल्या, तर त्यांचं ऐकण्यासारखं आहे असं माझं मत पडेल. घरातल्या माणसाचा विरोध दाबून हा धंदा करू नये, यात रात्रीबेरात्री निर्णय घ्यावे लागतात आणि ते चुकले की दुसऱ्याचं घर जातं.

एक मधली वाट मला तुमच्यासाठी दिसते. तुमचं खरं भांडवल म्हणजे तुम्ही बांधलेला खेळ. तो स्वतः चालवण्याऐवजी परवानाधारक चालकांना पुरवता येतो. त्यालाही परवाना लागतो, माल्टात तो वर सांगितलेला दुसऱ्या तऱ्हेचा, ब्रिटनमध्ये जुगाराच्या सॉफ्टवेअरचा. चौकशी, प्रयोगशाळा, हॅश, सगळं तसंच. पण खेळाडूंचे पैसे तुमच्या हातात येत नाहीत, कार्डांचा संकेतांक तुमच्या डोक्यावर बसत नाही, आणि तिघांना झेपेल असं काम राहतं. जबाबदारी मात्र संपत नाही. डाव किती वेगाने पडावा, हरल्यावर पडद्यावर काय चमकावं, थांबायचं बटण कुठे असावं, हे तुम्हीच ठरवणार. दुसऱ्याच्या परवान्याखाली आपलं नाव लावून चालवण्याचा पर्यायही तुम्हाला कुणीतरी सुचवेल. तो सुरुवातीला सोपा वाटतो, पण परवाना, खेळाडू आणि पैसे तिन्ही दुसऱ्याच्या ताब्यात राहतात आणि करार तुटला की हाताशी नुसतं नाव उरतं. मी तो सुचवणार नाही.

पुढच्या आठवड्यात काय करायचं ते एवढंच. सल्लागाराला नकार कळवा. तुम्ही राहता त्या देशाच्या आणि जिथले खेळाडू धरलेत त्या देशाच्या, अशा दोन्ही कायद्यांवर लेखी मत देणारा वकील गाठा. तोंडी मत घेऊ नका. मित्रांचे आणि तुमचे पैसे कुठून आले त्याची फाइल तयार करायला घ्या. आणि अर्जाचा पहिला मसुदा म्हणून एकच पान लिहा, रात्री दोन वाजता कुणी 'माझं खातं बंद करा' म्हणालं तर तुमची यंत्रणा पहिल्या मिनिटापासून काय काय करेल. ते पान पत्नीला वाचायला द्या आणि विचारा, यातली कुठली ओळ वाचूनही मामा खेळत राहिले असते. त्या जिथे बोट ठेवतील ती ओळ पुन्हा लिहा, आणि मग मला पत्र पाठवा.